एनएफएस हँग झालं की ‘सॉफ्ट’ टाका? थांबा जरा

पावसाळ्यात रत्नागिरी ते सावंतवाडी कुठंही लाइट गेली की कुणीतरी विचारतंच, एनएफएसचा (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइली वापरायची सोय) माउंट, म्हणजे तसा जोडलेला फोल्डर, हँग झालाय काय करू, आणि ठरलेलं उत्तर येतं, एफएसटॅबमध्ये (माउंटची सेटिंग असलेली फाइल) सॉफ्ट हा पर्याय टाक, सुटेल. वर्षानुवर्षं फिरतंय हे, आणि धोक्याचं आहे.

लिनक्समध्ये डिफॉल्ट हार्ड माउंट असतो, म्हणजे सर्व्हर गेला की क्लायंट परत परत विचारत राहतो, प्रोसेस डी स्टेटमध्ये जाते, म्हणजे उत्तर येईपर्यंत अडकून बसते, डिस्कची जागा दाखवणारं साधं डीएफ मारलं तरी अडकतं. चिडचिड होते, मान्य, पण सर्व्हर आला की काम थांबलं तिथून पुढं चालू होतं. सॉफ्टमध्ये रिट्राय संपले की प्रोग्रामला थेट एरर, आणि कित्येक प्रोग्राम ती एरर बघतच नाहीत, मग हापूसच्या पेट्यांची बिलं अर्धवट लिहिली गेली हे कळतं सीझन संपल्यावर. नुसतं वाचायचं असेल तर सॉफ्ट एकवेळ चालेल.

माउंटच्या पर्यायांतलं टाइमओ, म्हणजे उत्तराची वाट किती बघायची ते, ६०० म्हणजे ६०० सेकंद नव्हे हो, ६०. आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. आणि सोबत ‘इंटर’ (अडकलेलं काम मधेच तोडू देणारा पर्याय) चिकटवतात ते तर लिनक्स कर्नल २.६.२५ पासून काहीच करत नाही, अडकलेली प्रोसेस किल मायनस नऊनेच मारायची.

त्यापेक्षा सर्व्हर पिंग होतोय का, एनएफएसचा २०४९ पोर्ट उघडा आहे का बघा. बऱ्याचदा सर्व्हर इन्व्हर्टरवर मजेत चालू असतो आणि मधला स्विच मात्र साध्या प्लगवर!