जुन्या क्लबांना नवा संघ गाठतो तो झिजेमुळे

सोलापूर जिल्ह्यातल्या यात्रांत कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हा पंच आधी जोड बघतात. वजन, वय, तालमीत घालवलेली वर्षं, हे सगळं नजरेनं तोलून मगच दोघांना आखाड्यात उतरवतात. तोलामोलाची जोड नसेल तर निकाल आधीच ठरतो आणि फडाची रंगत जाते. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञानं 1964 साली हीच गोष्ट मुष्टियुद्धाचं उदाहरण देऊन मांडली होती: जगज्जेत्याला कमाई करायची असेल तर त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी जिवंत राहिला पाहिजे.

संघ सांभाळायच्या ऑनलाइन खेळांत हा प्रश्न सगळ्यात बिकट होतो. इथं आपण चेंडू मारत नाही. आपण क्लबचे मॅनेजर असतो. खेळाडू विकत घेतो, त्यांचा सराव ठरवतो, पगार देतो, स्टेडियम वाढवतो. स्वीडनमध्ये 1997 साली सुरू झालेला ‘हॅटट्रिक’ हा फुटबॉलचा खेळ आजही चालू आहे. त्यात आठ संघांची साखळी असते, हंगाम सोळा आठवड्यांचा असतो आणि पडद्यावरचा खेळाडू 112 दिवसांत एक वर्षानं मोठा होतो. म्हणजे आज आलेल्या माणसाची वीस-पंचवीस वर्षं जुन्या क्लबाशी गाठ पडू शकते.

अशोक चौकात राहणारा माझा पुतण्या अशाच एका खेळात नवा आहे. एका रात्री त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. समोरच्या क्लबाचं पान उघडं होतं: भलंमोठं स्टेडियम, कपाटभर करंडक, स्थापनेचं साल. “काका, ह्यांचा क्लब माझ्या जन्माच्या आधीचा आहे बघा. ह्यांना मी कधी गाठायचं?”

या प्रश्नाचं पहिलं उत्तर सोपं आहे: त्यांच्याशी आत्ता खेळूच नको. बुद्धिबळात यासाठी आर्पाद इलो यांची गुणांकन पद्धत आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघानं ती 1970 साली स्वीकारली. दोघांच्या गुणांकांत 200 चा फरक असला तर वरचढ खेळाडूला डावामागे सरासरी 0.76 गुण मिळेल (विजयाला 1, बरोबरीला अर्धा), असं तिचं गणित सांगतं. नवख्याचा गुणांक पहिल्या 30 डावांपर्यंत मोठ्या ढांगा टाकत बदलतो, म्हणजे तो आपल्या खऱ्या जागी लवकर पोचतो. संघांच्या खेळात हेच काम बढती-घसरणीच्या साखळ्या करतात. पण सहाव्या पायरीवरून पहिलीवर जायचं तर दर हंगामात बढती मिळवूनही पाच हंगाम, म्हणजे 80 आठवडे लागतात. आणि वर पोचल्यावर गाठ त्याच जुन्या क्लबांशी पडते. बुद्धिबळात पट दोघांनाही सारखाच मिळतो, इथं मात्र जुन्याकडे साठा असतो.

पैशाकडे पैसा जातो, हे इथं शब्दशः घडतं. मोठं स्टेडियम, जास्त तिकीटविक्री, चांगले खेळाडू, विजय, आणखी प्रेक्षक. समजा, जुन्या क्लबाकडे 100 लाख आहेत आणि नव्याकडे 10 लाख. दोघांनाही दर हंगामात 10 लाख मिळतात. साठ्यावर 5 टक्के वाढ मिळत असेल तर आजची 90 लाखांची दरी दहा हंगामांत जवळजवळ 147 लाखांवर जाते. नव्यानं कितीही मेहनत केली तरी.

आता उलट करून बघा. दर हंगामात साठ्याची 20 टक्के झीज होऊ द्या, उत्पन्न तेवढंच ठेवा. तीन हंगामांत दरी जवळपास निम्मी होते. दहा हंगामांनंतर जुन्याकडे सुमारे 55 लाख उरतात, नव्याकडे 46 लाख होतात. दोघंही 50 लाखांकडे सरकत राहतात, कारण तिथं 20 टक्के झीज बरोबर 10 लाखांची होते आणि जमाखर्च जुळतो. नव्याला कुणी भेट दिली नाही, जुन्याला कुणी लुबाडलं नाही.

चांगल्या खेळांत ही झीज नियमांतच मुरलेली असते. खेळाडूचं वय वाढतं तसा सरावाचा वेग मंदावतो, तिशीनंतर कौशल्य ओसरू लागतं. वरच्या दर्जाच्या खेळाडूचा पगार कौशल्यापेक्षा वेगानं चढतो. म्हणून पुतण्याला मी म्हटलं, तयार खेळाडूच्या मागं लागू नकोस. सतरा वर्षांचे बचावपटू स्वस्तात घे, सराव दे आणि त्याच जुन्या क्लबांना वीक. त्यांची पोरं म्हातारी होतातच, त्यांना नवी लागणारच. बाजार त्यांचा पैसा खाली आणतो. खऱ्या फुटबॉलमध्येही करारातल्या खेळाडूच्या बदलीच्या रकमेतले 5 टक्के, तो 12 ते 23 वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला घडवलं, त्यांच्यासाठी राखलेले असतात.

झिजेचा आकडा मात्र जपून ठरवावा लागतो. 50 टक्के ठेवलात तर तीन हंगामांत दरीचा जेमतेम आठवा भाग उरतो. मग दहा वर्षं क्लब वाढवणाऱ्यानं कशासाठी थांबावं? आयपीएलचा मोठा लिलाव, ज्यात संघांना मोजके खेळाडू राखून बाकीचे सोडावे लागतात, हा असा एकदम केलेला झीज-प्रयोग आहे. 2022 साली गुजरात टायटन्स हा नवा संघ पहिल्याच हंगामात विजेता ठरला. चाहत्यांना मजा आली, पण जुन्या संघांची कष्टानं बसवलेली घडीही मोडली. मला हळू झीज जास्त न्यायाची वाटते. जुन्याकडे मग अनुभव उरतो, आणि तो त्यानं कमावलेलाच असतो.

नवख्याला सुरुवातीला भरघोस रक्कम देण्याचा मार्ग मला पटत नाही. भेट मोठी असली की जुनेच लोक खोटी खाती काढून ती आपल्या क्लबाकडे वळवतात.

याहून घातक म्हणजे खरे पैसे मोजून कायमचं जादा उत्पन्न विकत देणारे खेळ. वरचंच गणित घ्या. पैसे भरणाऱ्याला हंगामाला 10 ऐवजी 20 लाख मिळू लागले, की 20 टक्के झीज धरूनही तो 100 लाखांवर स्थिरावतो. न भरणारा 50 लाखांवरच अडतो. मग पंचवीस हंगाम खेळा नाहीतर शंभर, ती 50 लाखांची दरी बुजत नाही. पुतण्याला पुढचा खेळ निवडायचा असेल तेव्हा त्यानं खेळाचं वय बघू नये, त्याच्या दुकानात काय विकायला ठेवलंय ते आधी बघावं.