हॉट टेन्साइल आणि क्रीप: भट्टी एक, प्रश्न दोन

नागपूरच्या उत्तरेला कोराडी, त्याच्या पुढे खापरखेडा, दोन्हीकडे औष्णिक वीजकेंद्रं. इथल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत धातुशास्त्र शिकणाऱ्या मुलांना त्यामुळे बॉयलरची नळी ही नुसती पुस्तकातली आकृती वाटत नाही. यातलीच काही मुलं पुढे उच्च तापमानाच्या मिश्रधातूंवर पीएचडी करायचं ठरवतात. बरेच जण एक गोष्ट गृहीत धरून चालतात: हॉट टेन्साइल, म्हणजे तापलेला नमुना ताणून तोडायची चाचणी, केलं की क्रीपचा, म्हणजे कायम भाराखाली तापलेला धातू हळूहळू लांबत जाण्याचा, अंदाज आपोआप येईल. तो येत नाही. हे जितक्या लवकर कळेल तितकं बरं, कारण विषय कोणता, गाईड कोण, प्रयोगशाळा कुठली, हे सगळं त्यावरून ठरतं.

दिसायला दोन्ही चाचण्या सारख्या. तसाच दांडीसारखा नमुना, तशीच भोवती भट्टी, तेच ६०० अंश सेल्सिअस. हॉट टेन्साइलमध्ये यंत्र नमुन्याला ठरलेल्या वेगाने ताणत जातं आणि काही मिनिटांत तो तुटतो. किती ताण सोसला, एवढंच आपण विचारतो. क्रीपमध्ये त्याहून खूपच कमी भार लावतात, तो तसाच ठेवतात आणि वाट पाहतात. इथे प्रश्न असतो, हा भार किती काळ पेलणार?

पी-९१ हे पोलाद घ्या. ९ टक्के क्रोमियम, १ टक्का मॉलिब्डेनम, शिवाय थोडं व्हॅनेडियम आणि नायोबियम. उच्च दाबाच्या वाफेच्या पाइपांत जगभर वापरतात. ६०० अंशांवर मिनिटांच्या चाचणीत ते ३०० मेगापास्कलच्या वर ताण घेतं. पण १ लाख तास, म्हणजे ११ वर्षांहून जास्त, टिकायचं असेल तर हाच आकडा ९० मेगापास्कलच्या आसपास येतो. पोलाद तेच, तापमानही तेच. वेळ बदलला आणि ताकद तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आली.

कारण अणूंच्या हालचालीत आहे. केल्विनमध्ये मोजलं तर वितळणबिंदूच्या साधारण ०.४ पटीच्या पुढे अणू जागा बदलू लागतात. अडलेल्या डिस्लोकेशनना (स्फटिकाच्या रचनेतल्या रेषेसारख्या दोषांना) अडथळा ओलांडायला वाट मिळते, कणसीमांवर (धातूतल्या छोट्या स्फटिकांच्या, म्हणजे कणांच्या, सीमांवर) पोकळ्या धरतात. मिनिटांत हे फारसं घडत नाही, वर्षांत घडतं. म्हणूनच बारीक कण थंड धातूला बळकट करतात, पण क्रीपमध्ये तेच घात करतात: सीमा जितक्या जास्त, तितके अणूंना रस्ते जास्त. जेट इंजिनची टर्बाइनची पाती एकाच स्फटिकाची ओततात, ती याच कारणाने.

फुटलेली नळी हातात आली तरी फरक दिसतो. पाणी किंवा वाफ अडून नळी अचानक खूप तापली, तर ती फुगते, भिंत पातळ होते आणि माशाच्या तोंडासारखी रुंद फाटते, कडा धारदार. हे काम हॉट टेन्साइलच्या प्रश्नाचं. वर्षानुवर्षं थोडी जास्त तापत राहिलेली नळी मात्र फारशी फुगत नाही. तिची चीर अरुंद, कडा जाड, आत ऑक्साइडचा जाड थर, आणि मायक्रोस्कोपखाली कणसीमांवर पोकळ्यांच्या रांगा. ‘ओव्हरहीटिंग’ एवढंच लिहिलं की हा सगळा फरक पुसला जातो, आणि पुढची नळी वाचवायचा उपायही चुकतो.

आता कारकिर्दीचं. हॉट टेन्साइलची मालिका एका सत्रात आटोपते, पेपरही लवकर होतो. क्रीपच्या १० हजार तासांच्या एका चाचणीला पावणेचौदा महिने लागतात, आणि त्या काळात भट्टीचं तापमान दोन-तीन अंशांपेक्षा जास्त हलून चालत नाही. ५५० अंशांच्या आसपास १० अंश वाढले तर आयुष्य जवळपास निम्मं होतं. जपानच्या सरकारी धातुसंशोधन संस्थेत १९६९ मध्ये लावलेली एक क्रीप चाचणी २०११ पर्यंत चालू होती. लावणारा माणूस निवृत्त व्हावा एवढा हा काळ. एकट्या शोधनिबंधाच्या कुवतीबाहेरचं हे काम आहे. म्हणून जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा, कल्पाक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, अशा जुनी यंत्रं आणि जुने आकडे सांभाळणाऱ्या जागांना या विषयात मोल आहे.

घाई असणाऱ्यांसाठी १९५२ चं लार्सन-मिलर समीकरण आहे: जास्त तापमानाला थोडे तास, त्यावरून कमी तापमानाचे पुष्कळ तास. उपयोगाचं आहे, पण आंधळेपणाने वापरू नये. पी-९१चे सुरुवातीचे अंदाज आजच्यापेक्षा जास्त होते. लांबलेल्या चाचण्यांचे आकडे हाती आले तसे ते खाली आणावे लागले, कारण दीर्घकाळात पोलादाची आतली रचनाच बदलते आणि छोट्या चाचणीला तो बदल दिसत नाही.

विषय शोधत असाल तर मी वेल्डचा जोड सुचवेन. पी-९१चा जोड कमी वेळाच्या चाचणीत बहुतेकदा ठणठणीत वाटतो. क्रीपमध्ये तोच जोड वेल्डच्या शेजारच्या, उष्णतेने बारीक कणांच्या झालेल्या अरुंद पट्ट्यात तुटतो. याला टाइप-फोर तडा म्हणतात. तो पट्टा मूळ धातूपेक्षा लवकर का थकतो आणि वेल्डनंतरच्या उष्णतोपचाराने त्याला कितपत सावरता येतं, यावर काम करायला अजून भरपूर जागा आहे.