भोकं नसलेली बासरी

मागच्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. बर्फाळ डोंगर, लांब नळी वाजवणारा माणूस आणि खाली ओळ : ‘४३२ हर्ट्झची प्राचीन नॉर्डिक बासरी, पेशी दुरुस्त करते’. पेशींचं सोडा. माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. नळीला बोटांसाठी एकही भोक नाही! एक बोट तेवढं खालचं टोक झाकतंय आणि उघडतंय.

ही नॉर्वेची ‘सेल्येफ्लॉइते’, विलोच्या सालीची बासरी. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद. वसंतात फांदी कापायची, सुरीच्या मुठीनं साल ठोकायची आणि पिळून अख्खी नळी ओढून काढायची. ठोकताना मुलं गाणं म्हणत, त्यानं साल सुटते असा समज. खरं तर त्या दिवसांत सालीखाली नव्या, पातळ भिंतींच्या, रसरशीत पेशी तयार होत असतात, म्हणून ती सुटते. तेच गाणं ऐन हिवाळ्यात म्हणून पाहावं.

आता एकाच बोटावर एवढे सूर कसे निघतात? फुंकर तोंडाजवळच्या धारेवर आपटून आतबाहेर हेलकावते आणि नळीत दाबाचा धक्का धावू लागतो. तो उघड्या टोकाशी पोचला की हवा बाहेर फाकते, मागे विरळ जागा उरते आणि विरळपणाच परत फिरतो. म्हणजे धक्का उलटून येतो. टोक बंद असेल तर तो आपटून जसाच्या तसा परततो. फुंकरीकडची बाजू कायम उघडी, तिथे तो दर वेळी उलटतो. करा हिशेब. टोक उघडं असेल तर एका फेरीत दोनदा उलटला, म्हणजे मूळपदावर आला. बोट ठेवलं तर एकदाच उलटला, मूळपदावर यायला आणखी एक फेरी हवी. वेळ दुप्पट, कंप्रता (सेकंदाला होणारी कंपनं) निम्मी. वायरिंगच्या पाइपाचा वीतभर तुकडा घ्या, काठावरून फुंका, मग खाली तळवा लावून फुंका. सूर धपकन एक सप्तक खाली येतो.

६० सेंटिमीटरची नळी उघडी असताना साधारण २८६ हर्ट्झ देते, बंद असताना १४३. जोरानं फुंकलं की झोत धारेपर्यंत लवकर पोचतो आणि नळी वरच्या सुरावर उडी मारते. १४३ ला एक म्हणा. बंद नळीत विषम पटीच टिकतात : १, ३, ५, ७, ९. उघडीत २, ४, ६, ८, १०. दोन्ही एकत्र केल्या की १, २, ३, ४, ५… मध्ये एकही आकडा गळत नाही! एवढ्यासाठी मला ही बासरी बनारसी शालूहून देखणी वाटते.

आठव्याला सा धरा. नववा रे, दहावा ग, बारावा प, पंधरावा नि, सोळावा वरचा सा. हा ग म्हणजे तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधारच. घोळ अकराव्याचा. सप्तकाचे १२०० सेंट केले तर शुद्ध मध्यम ४९८ वर, तीव्र सुमारे ५९० वर, आणि हा बसतो ५५१ वर. तेरावाही तसाच दोन धैवतांच्या मध्ये, ८४१ वर. पेटीवर यांच्यासाठी पट्टीच नाही.

नॉर्वेच्या तेलेमार्क भागातल्या लोर्डालचा एइविन ग्रोवेन (१९०१–१९७७) हे सूर ऐकतच वाढला. ही बासरी आणि हार्डांगर फिडल (तिथलं लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवणारा, पुढे दोन सिम्फनी लिहिणारा संगीतकार. लोकगायक ‘बेसूर’ गातात असं शहरी कानांना वाटे. १९२७ मध्ये त्यानं या निसर्गश्रेणीवर अभ्यास छापून म्हटलं, ते बेसूर नाहीत, या बासरीच्या सुरांत गातात. बासरीनं गळा घडवला की गळ्यानं बासरी निवडली, हे ठरवणं अवघड, असं माझं मत. पण गडी तिथे थांबला नाही. नॉर्वेच्या रेडिओवर लोकसंगीताचं काम करता करता त्यानं एक ऑर्गन उभा केला. पट्ट्या नेहमीच्याच, सप्तकात बारा. आत सूर मात्र ३६. कोणत्या पट्ट्या एकत्र दाबल्यात ते पाहून जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असत तसले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, कोणता ग वाजवायचा ते क्षणात ठरवत. संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी!

राहिले ते ४३२. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं, आणि सेकंद माणसानं ठरवलेला. पेशीला त्याची खबर नाही. शिवाय ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, शून्याला ३३१. नळीतली हवा तेवढी गार असेल तर ४३२ चे ४१७ होतात. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं. मावशीनं हात जोडलेला इमोजी टाकला, आणि त्याखाली तोच व्हिडिओ पुन्हा.