पाळीव कुत्र्याच्या अंगाचा वास

पाळीव कुत्र्याच्या अंगाला थोडाफार वास असतोच. तो एकाएकी वाढला, वेगळा येऊ लागला किंवा आंघोळ घालून दोन दिवस होत नाहीत तोच परत आला, तर त्वचा, कान, तोंड किंवा गुदग्रंथी यांपैकी कुठेतरी बिघाड असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी आधी शाम्पूची बाटली नव्हे, आपले नाक पुढे करावे. खवट, कुबट, वशट असे वासाचे बारीक भेद मराठीत आहेत आणि इथे ते चांगलेच कामी येतात.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पाण्यासारखा घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना. निरोगी कुत्र्याच्या पंजालाही भाजलेल्या मक्यासारखा हलका वास येतो, त्याची काळजी करू नये. उरलेल्या अंगावर तैलग्रंथी आणि केसांच्या मुळांशी असलेल्या वेगळ्या घामग्रंथी काम करतात. त्यांच्या स्रावावर जिवाणू आणि यीस्ट (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) जगतात. त्यांनी तयार केलेली गंधद्रव्ये केसांत मुरलेली असतात आणि पाणी लागताच हवेत सुटतात. भिजलेल्या कुत्र्याचा तो प्रसिद्ध वास हाच. अंग सुकले की तो ओसरतो. मुंबईत आणि कोकणात मात्र जून ते सप्टेंबर कुत्रा मुळापर्यंत सुकतच नाही, आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू होते.

पावसाळ्यातला कुबट वास बहुतेकदा ‘मॅलॅसेझिया’ या यीस्टचा असतो. ते त्वचेवर एरवीही असते. ओल आणि ऊब मिळाली की फोफावते. काखा, गळ्याखालचा भाग, बोटांच्या बेचक्या आणि पगसारख्या जातींच्या तोंडावरच्या घड्या या त्याच्या आवडत्या जागा. कातडी आधी लाल, चिकट होते आणि दुखणे जुने झाले की काळपट, जाड. कुत्रा पंजे सतत चाटत असेल तर लाळेमुळे तिथले पांढरे केस तांबूस झालेले दिसतात. मुळाशी पुष्कळदा अॅलर्जी असते, त्यामुळे नुसते यीस्ट मारून भागत नाही. पशुवैद्य क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोल असलेला शाम्पू देतात. तो सुमारे 10 मिनिटे अंगावर राहू द्यावा लागतो. बहुतेक घरांत तो दोन मिनिटांत धुतला जातो आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार होते. नंतर पुसणेही तसेच: लॅब्राडोरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा सुकलेला वाटला तरी बोटे खोल घातली की आतला थर ओला लागतो. तैलग्रंथींचा स्राव वाढला की वास कुबटाऐवजी खवट, जुन्या तेलासारखा येतो. कॉकर स्पॅनिएलमध्ये हा त्रास जास्त.

कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, म्हणून मळ आणि पाणी तळाशी साचते. लोंबत्या कानांत हवाही खेळत नाही. कापूस गुंडाळलेली काडी घातली तर मळ आणखी आत ढकलला जातो. कुत्रा डोके एका बाजूला झुकवत असेल, तर घरगुती उपाय बंद करून डॉक्टरांकडे न्यावे.

सडक्या माशासारखा वशट वास सोफ्यावर अचानक उठला तर तो गुदग्रंथींचा. घड्याळाची तबकडी कल्पिली तर गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, साधारण चार आणि आठच्या जागी या दोन पिशव्या असतात. शौचाच्या वेळी त्या आपोआप रिकाम्या होतात. शी सतत पातळ असेल तर होत नाहीत, तुंबतात, आणि कुत्रा बूड जमिनीवर घासत फरफटत चालतो. घरचे लोक ‘जंत झाले’ म्हणून औषध पाजतात. जंतही कधी कधी असतात, पण आधी ग्रंथी तपासून घ्याव्यात. त्रास नसताना दर आंघोळीला त्या दाबून घेण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी.

तोंडाची दुर्गंधी सहसा दातांवरच्या कीटणाची आणि सुजलेल्या हिरड्यांची असते. माणसांची टूथपेस्ट वापरू नये. कुत्रा ती गिळतो आणि काहींत असलेले झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य त्याला विषारी आहे. तोंडाला लघवीसारखा वास मूत्रपिंडाच्या, तर गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास मधुमेहाच्या दुखण्याकडे बोट दाखवतो. नसबंदी न झालेल्या मादीला माजानंतर काही आठवड्यांत दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्यात एक दिवसही दवडू नये.

पावसाळ्यात जखमेला सडका वास आला तर केस बाजूला करून आळ्या पाहाव्यात. जखमेत कापूर भरण्याची जुनी रीत धोक्याची आहे, कारण कुत्रा जखम चाटतो आणि कापूर पोटात गेल्यास त्याला झटके येऊ शकतात. टी ट्री ऑइलही विषारी. लिंबाने आधीच लाल झालेली त्वचा चुरचुरते, आणि डाळीचे पीठ दाट केसांतून नीट निघत नसल्याने पुढे तेच आंबते. माणसांचा शाम्पूही नको: कुत्र्याच्या त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) माणसाच्या त्वचेपेक्षा जास्त, उदासीनच्या जवळ असतो.

एवढे सगळे तपासूनही वास राहिला, तर गळ्यातला कापडी पट्टा काढून हुंगावा. कुत्रा दर पंधरा दिवसांनी न्हातो, पट्टा आणि खालची गोधडी कित्येकदा वर्षभर नाही.