'द शॅगी डॉग': झिपऱ्या कुत्र्यामागचा व्हिएन्नाचा लेखक

मार्च 1959 मध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओचा 'द शॅगी डॉग' अमेरिकेत प्रदर्शित झाला. विल्बी डॅनियल्स हा शाळकरी मुलगा वस्तुसंग्रहालयात जातो आणि तिथली इटलीच्या बोर्जिया घराण्याची जुनी अंगठी नकळत त्याच्या पँटच्या दुमडीत अडकून घरी येते. तिच्यावर कोरलेलं लॅटिन वाक्य तो वाचतो आणि बघता बघता डोळ्यांवर केस लोंबणारा भलामोठा शीपडॉग होतो. वडील निवृत्त पोस्टमन. पत्रं वाटताना कुत्र्यांचा इतका त्रास झालेला की ती जमातच त्यांना नकोशी. पुढे हाच कुत्रा पायजमा घालून आरशासमोर दात घासतो, मोटार चालवतो, क्षेपणास्त्राची गुपितं पळवणाऱ्या हेरांचा बेत उधळतो. स्पुटनिक आकाशात जाऊन दीडच वर्ष झालं होतं, त्यामुळे हेर आणि क्षेपणास्त्र हे विषय तेव्हा अमेरिकेत घरोघरी होते.

पण मूळ गोष्ट अमेरिकेतली नाही. फेलिक्स झाल्टेन 1869 मध्ये बुडापेस्टमध्ये जन्मले आणि व्हिएन्नात वाढले. 'बांबी' ही हरणाच्या पाडसाची गोष्ट त्यांचीच. 1923 च्या सुमारास त्यांनी फ्लॉरेन्सच्या कुत्र्याची कादंबरी लिहिली. तिचा नायक व्हिएन्नातला गरीब तरुण आहे. त्याला इटलीला जायची ओढ आहे, पण खिशात दमडी नाही. जादूने त्याची इच्छा पुरी होते, पण एका अटीवर: एक दिवस माणूस, दुसऱ्या दिवशी तिकडे निघालेल्या आर्चड्यूकचा, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजपुत्राचा कुत्रा. ज्याच्या घोडागाडीमागे धावायचं, त्याच्याच हातचा मार खायचा. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. पोटासाठी आयुष्यातला निम्मा काळ दुसऱ्याच्या दारी लाचारीत काढायचा, हे कुणाला नवं आहे?

झाल्टेन ज्यू होते. नाझींनी त्यांच्या पुस्तकांवर बंदी घातली. ऑस्ट्रिया जर्मनीत सामील झाल्यावर त्यांना स्वित्झर्लंडचा आश्रय घ्यावा लागला आणि 1945 मध्ये झुरिकमध्ये त्यांचं निधन झालं. 'बांबी'चे चित्रपटहक्क त्यांनी 1933 मध्ये अवघ्या 1,000 डॉलरना दिले होते. पुढे ते डिस्नेंकडे आले आणि 1942 चा चित्रपट जगभर गाजला. 1957 मध्ये त्यांच्याच खारीच्या गोष्टीवर 'पेरी' निघाला आणि तिसऱ्या खेपेला हा कुत्रा. पडद्यावर येताना लाचारी गळाली, बोर्जियांची अंगठी आली आणि आर्चड्यूकच्या जागी कुत्र्यांचा तिटकारा असलेला बाप आला. श्रेयनामावलीत मात्र झाल्टेन यांचं नाव राहिलं.

डिस्नेंनी ही कल्पना आधी एबीसी वाहिनीला मालिका म्हणून देऊ केली होती. वाहिनीने ती नाकारली, तेव्हा त्यांनी तिचा चित्रपट केला. बिल वॉल्श यांनी लिली हेवर्ड यांच्यासोबत पटकथा लिहिली, तर दिग्दर्शन चार्ल्स बार्टन यांचं. टॉमी कर्क, अॅनेट फुनिसेलो, टिम कॉन्सिडाइन ही मुलं डिस्नेंच्या टीव्ही कार्यक्रमांमुळे आधीच घराघरांत पोचलेली. वडिलांच्या भूमिकेतले फ्रेड मॅकमरे 'डबल इंडेम्निटी'मधल्या खुनी विमा एजंटामुळे गाजलेले होते. इथून पुढे ते डिस्नेंचे हक्काचे वडीलधारे नट झाले. चित्रण कृष्णधवल, म्हणून पैसाही वाचला. चेहऱ्यावर केस उगवतात ते दृश्य रंगीत असतं, तर मला वाटतं तितकं पटलं नसतं.

खर्च सुमारे 10 लाख डॉलर. त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या 'स्लीपिंग ब्यूटी'वर डिस्नेंनी 60 लाख ओतले होते. कित्येक वर्षं हाताने रंगवलेला तो देखणा चित्रपट खर्च भरून काढू शकला नाही. झिपऱ्याने मात्र आपल्या खर्चाच्या कित्येक पट कमावले. तोवर डिस्नेंनी माणसांना घेऊन निखळ विनोदी चित्रपट केलाच नव्हता. पुढची पंधरा-वीस वर्षं त्यांच्याकडे अशा चित्रपटांची रांग लागली: 1961 मध्ये उडत्या रबराचा विसरभोळा प्राध्यापक, 1968 मध्ये स्वतःच्या मर्जीने चालणारी फोक्सवॅगन. तिची पटकथाही वॉल्श यांचीच.

1976 मध्ये विल्बी परत आला तो वकील होऊन, सरकारी वकिलाची निवडणूक लढवत, आणि ऐन प्रचारात त्याच्या अंगावर केस उगवू लागले. 2006 मध्ये टिम अॅलन यांना घेऊन हीच गोष्ट पुन्हा रंगीत काढली, तेव्हा मुलगा नाही, वकील बापच कुत्रा होतो. मुलांसाठी वेळ नसलेला तो माणूस घरातल्यांचं बोलणं पहिल्यांदा नीट ऐकतो, ते चार पायांवर बसून.