आंब्यावरची आमरी बांडगूळ नाही. मुळाचा छेद घेऊन बघा

गगनबावडा, दाजीपूर किंवा आंबा घाटाच्या वाटेवर जुन्या झाडांच्या फांद्यांना जाड, रुपेरी मुळांनी चिकटलेली आमरी (ऑर्किड) सहज दिसते. पावसाच्या तोंडावर सीतेची वेणी गुलाबी-पांढऱ्या घोसांनी लटकते, तेव्हा ती कुणालाही ओळखू येते. एरवी मात्र फांदीवरचं परकं झाड म्हणून तिलाही बांडगूळ समजलं जातं आणि बांडगुळाबरोबर तिच्यावरही कोयता चालतो. आमरी फांदीतून काही घेते का, याचा निकाल साध्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली लागतो.

बांडगूळ आधी बघू. आंब्यावरचं नेहमीचं बांडगूळ (डेंड्रोफ्थी फाल्काटा) जिथे फांदीला जोडलेलं असतं तिथे गाठ असते. तिथला उभा छेद घेतला तर बांडगुळाची ऊती आंब्याच्या सालीतून आरपार लाकडात शिरलेली आणि त्याच्या जलवाहिन्यांना भिडलेली दिसते. पानं हिरवी असल्याने अन्न ते स्वतः बनवतं, पण पाणी आणि क्षार सगळे आंब्याचे. (ही गाठ फार टणक असते. छेद घ्यायचा तर तुकडा पाणी आणि ग्लिसरिनच्या मिश्रणात बराच वेळ उकळून मऊ करावा लागतो. नाहीतर पात्याची धार जाते आणि हाताला लागतं ते वेगळंच.) आमरीचं मूळ सालीवरून अलगद सोडवून पाहा. फार तर सालीचे कपचे निघतात. आत शिरलेलं काही नाही, गाठ नाही, लाकूड शाबूत. मग उघड्या फांदीवर ती पाणी कुठून मिळवते? त्याचं उत्तर मुळाच्या आडव्या छेदात आहे.

छेदासाठी जंगलातली आमरी तोडू नका. राधानगरी अभयारण्यातून काहीच काढता येत नाही, आणि आमरीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहेत. नर्सरीतल्या डेंड्रोबियम किंवा वांडा या आमरींचं एखादं लोंबतं मूळ थोडं कापलं तर झाडाला फरक पडत नाही. नवशिक्याने डेंड्रोबियम घ्यावं: मूळ बारीक असतं आणि जो बाहेरचा थर (वेलामेन) बघायचा तो त्या मानाने जाड. टोकाचा हिरवा भाग नको, तिथे हा थर अजून तयार झालेला नसतो. टोकापासून चार-पाच सेंटिमीटर मागचा, रुपेरी पण अजून तपकिरी न पडलेला भाग निवडावा.

तुकडा आधी तासभर पाण्यात ठेवावा. गाजराचा बोटभर तुकडा उभा चिरून त्याच्या खाचेत मूळ धरायचं. दाढीचं नवं पातं आणि गाजर दोन्ही ओलं ठेवायचं आणि पातं दाबत न नेता आपल्याकडे सरकवत कापायचं. पंधरा-वीस चकत्या पाण्याच्या बशीत पडू द्याव्या. त्यातल्या दोन-तीनच कामाच्या निघतात: पाण्यात जवळजवळ दिसेनाशा होणाऱ्या. चकती पूर्ण गोल हवी असा हट्ट नको, पातळ पाचर चालते. बारीक कुंचल्याने त्या सॅफ्रॅनिन या लाल रंगात तीन ते पाच मिनिटं ठेवाव्या (१ ग्रॅम सॅफ्रॅनिन, ५० टक्के अल्कोहोल १०० मिलिलिटर), रंग सुटायचा थांबेपर्यंत पाण्यात धुवाव्या, मग काचपट्टीवर १० टक्के ग्लिसरिनच्या थेंबात. आच्छादन काच एका कडेने टेकवून सावकाश खाली सोडायची.

पहिल्या प्रयत्नात हमखास बिघडतं ते बाहेरच्या थरात. तिथे सगळं काळंकुट्ट दिसतं आणि रंग जास्त झाला असं वाटतं. रंगाचा दोष नसतो, ती पेशींत अडकलेली हवा असते. प्रकाश तिच्या कडांवर वळतो आणि डोळ्यापर्यंत पोचतच नाही. चकती दोन मिनिटं ५० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवली की हवा निघते. काठ जाड, काळा आणि आत लख्ख असं बिनचूक वर्तुळ दिसलं तर तो काचेखालचा बुडबुडा, पेशी नव्हे. पेशी लांबट आणि भिंती दुहेरी दिसू लागल्या तर पातं तिरकं गेलंय. आणि बाहेरचा थर आतल्यापासून सुटून कड्यासारखा वेगळा झाला तर मूळ पुरेसं भिजलं नव्हतं.

१० पटीचं नेत्रभिंग आणि १० पटीचं वस्तुभिंग लावलं की बहुतेक कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकात गोल क्षेत्र सुमारे १.८ मिलिमीटरचं असतं. त्या व्यासावर पेशी मोजल्या की एका पेशीची रुंदी भागाकाराने कळते. ४० पटीच्या वस्तुभिंगाखाली क्षेत्र साधारण ०.४५ मिलिमीटर.

बाहेरचा थर म्हणजे वेलामेन. मुळाच्या बाह्यत्वचेच्याच पेशी विभागून तो बनतो, जातीनुसार एका थराचा ते वीसहून अधिक थरांचा. वांडात मोजके थर, डेंड्रोबियममध्ये जास्त. पूर्ण वाढलेल्या वेलामेनच्या पेशी मेलेल्या असतात. जीवद्रव्य नाही, केंद्रक नाही, नुसत्या भिंती. पण भिंती साध्या नाहीत. ४० पटीखाली त्यांवर तिरप्या, समांतर पट्ट्या दिसतात, सॅफ्रॅनिनने लाल झालेल्या. पेशी पाण्याने भरते आणि रिकामी होते, तेव्हा आत ओढ बसून ती चिपाड होऊ नये म्हणून ही पट्टी. नदीवर बसवलेल्या मोटारीच्या सक्शन पाइपात गुंडाळीची तार याच कारणासाठी असते. भिंतींना छिद्रंही असतात, म्हणून पाणी एका पेशीतून दुसरीत पसरत जातं.

कोरडं मूळ रुपेरी का आणि भिजलं की हिरवं का, तेही इथेच कळतं. रिकाम्या पेशींतली हवा प्रकाश चोहीकडे विखुरते, म्हणून पांढरं. पाणी भरलं की थर पारदर्शक होतो आणि आतल्या पेशींमधले हरितकणू दिसतात. भिजलेल्या मुळावर तरीही काही पांढऱ्या रेघा किंवा ठिपके उरतात, तो रोग नव्हे. तिथल्या वेलामेन पेशींत पाणी शिरत नाही, हवाच राहते, आणि आतल्या जिवंत ऊतीला प्राणवायू याच वाटेने मिळतो. या मुळांना पानांसारखी पर्णरंध्रं नसतात.

वेलामेनच्या आत जाड भिंतींच्या पेशींचा एकच थर लागतो, बहिस्त्वचा. त्यातल्या बहुतेक पेशींच्या बाहेरच्या आणि बाजूच्या भिंती लिग्निन-सुबेरिनने (लाकडातले आणि बुचातले कडक पदार्थ) जाड झालेल्या, म्हणजे छेदात उलट्या ‘यू’सारख्या, त्यांतून पाणी जात नाही. मधूनमधून मात्र पातळ भिंतीची, जीवद्रव्याने भरलेली पेशी सापडते. वेलामेनमधलं पाणी आत जायची वाट हीच. शांतपणे शोधा, पातळ छेदात ती नक्की दिसते. काही जातींत तिच्या अगदी वरच्या वेलामेन पेशीवर बारीक तंतूंचा गुच्छही दिसतो. झाकणासारखा तो बसलेला असल्याने आतलं पाणी बाहेर उडून जायला त्याने अडथळा होतो असं मानतात. मला विचाराल तर सगळ्या छेदात बघण्यासारखी जागा हीच.

त्यापुढचं पाठ्यपुस्तकाप्रमाणे: मृदूतकाची (पातळ भिंतींच्या साध्या पेशींची) मध्यत्वचा, मग अंतस्त्वचा, आणि मधे जलवाहिन्या व रसवाहिन्या आलटून पालटून एका वर्तुळात. एकदल वनस्पतीच्या मुळाला शोभतील इतके पुष्कळ जलवाहिन्यांचे गट; हरभऱ्यासारख्या द्विदल मुळात ते मोजून दोन ते सहा असतात. मध्यत्वचेत सुयांच्या जुड्या दिसल्या तर दचकू नका. ते कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, अळूची भाजी नीट शिजली नाही की घशाला टोचतात त्याच जातीचे.

वडाच्या पारंब्या हवेत लोंबतात म्हणून त्यांच्यातही वेलामेन असेल असं वाटतं, नसतं. जुन्या पारंबीवर बूच तयार होतं, श्वास घ्यायला त्यात वातरंध्रं, आणि जमिनीला टेकली की ती खोडासारखी जाड होते. उलट घरोघरी कुंडीत लावलेल्या, चांगली मातीत वाढणाऱ्या स्पायडर प्लांटच्या मुळाला वेलामेन असतं. तेव्हा वेलामेन म्हणजे झाडावर राहण्यासाठीच बनवलेली सोय, हे समीकरण सरसकट लावू नये.

तरीही फांदीवर त्याचा उपयोग मोठा आहे. फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४० मध्ये सुचवलं की पावसाच्या पहिल्या पाण्यात पानांवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजका पाला यांतले क्षार धुऊन येतात आणि वेलामेन नेमकं तेच पाणी पकडतं. २०१३ मध्ये झोट्झ आणि विंकलर यांनी हे तपासलं. कोरडं वेलामेन काही सेकंदांत भरतं, सुकायला मात्र तासन्‌तास लागतात. आणि विद्युतभारित आयन वेलामेनमध्ये धरून ठेवले जातात, भार नसलेले पदार्थ पुढच्या पाण्याबरोबर निसटतात. एप्रिल-मे महिन्यांत वळीव कोसळतो, दहा मिनिटांत थांबतो आणि लगेच ऊन पडतं, तेव्हा आमरीची भूक कशी भागते ते यावरून लक्षात येईल. जुलैच्या संततधारेचं पाणी त्या मानाने फारच पांचट.

खोडाला घट्ट चिकटलेल्या मुळाच्या त्या बाजूचा छेद घेतला तर मध्यत्वचेच्या काही पेशींत धाग्यांची गुंतवळ सापडते. ही बुरशी. आमरीचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात पोषणाचा साठा नाही, रुजायला बुरशीची मदत लागते; नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे प्रथम दाखवलं. हवेत मोकळ्या लोंबणाऱ्या मुळात ही गुंतवळ बहुधा सापडत नाही, म्हणून तिथेच शोधत बसू नये.

पानाचा प्रयोग छेदाविना होतो. वांडाच्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्यावा, दहा मिनिटांनी चिकटपट्टी लावून तो ठसा उचलावा आणि काचपट्टीवर चिकटवावा. दुपारी बारा आणि रात्री दहा, असे दोन ठसे घ्यावे. दुपारी पर्णरंध्रं मिटलेली, रात्री उघडी. वांडा कार्बन डायऑक्साइड रात्री घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीतल्या मोठ्या रिक्तिकांमध्ये साठवतो आणि दिवसा दारं बंद करून वापरतो. जास्वंदीच्या पानावर हाच खेळ उलटा दिसेल. पॉलिश जाड लागलं तर ठशात काहीच उमटत नाही, आणि पान ओलं असेल तर ते दुधाळ होतं.

हे सगळं कळल्यावर पाणी घालण्याची रीत आपोआप ठरते. मुळं रुपेरी आहेत तोवर पाणी द्यायचं आणि हिरवी झाली की थांबायचं. त्यापुढचं नुसतं ओघळतं. कोल्हापुरात मार्च ते मे रोज सकाळी, पावसाळ्यात उघड्यावर असेल तर जवळजवळ नाहीच. मातीत लावू नये, कारण तिथे वेलामेन सतत भरलेलं राहतं, हवेच्या वाटा बंद पडतात आणि मध्यत्वचा कुजते. कोळसा, विटांचे तुकडे किंवा नारळाच्या सोडणाचे मोठे तुकडे बरे. खत पुडीवर लिहिलेल्या मात्रेच्या चौथाईने आणि मूळ आधी भिजवून: कोरडं वेलामेन क्षार ओढून धरतं, तीव्र द्रावणाने त्यांचा पांढरा थर साचतो आणि टोकं करपतात.

मूळ जिवंत आहे का ते दोन बोटांत दाबून कळतं. टणक लागलं तर ठीक. पोकळ लागलं आणि ओढल्यावर बाहेरची खोळ निघून मधे तारेसारखा दोरा उरला, तर मध्यत्वचा गेलेली आहे. उरलेला दोरा म्हणजे जलवाहिन्यांचा गाभा. असं मूळ पाणी पोचवत नाही, पण फांदीला धरून ठेवण्याचं काम बरेच दिवस करतं, म्हणून नवीन मुळं सालीला चिकटेपर्यंत ते कापू नये.