रिपोर्टमध्ये ९, स्कोपवर ६ : हा फरक आला कुठून?

बेळगावच्या प्रयोगशाळेत एफपीजीएचं (आतलं सर्किट वापरणाऱ्यानेच ठरवायची चिप) प्रॅक्टिकल सुरू झालं की एक प्रश्न ठरलेला असतो. समजा, टायमिंग रिपोर्ट, म्हणजे सिग्नलला किती उशीर लागेल याचा सॉफ्टवेअरने काढलेला हिशेब, एका मार्गाला ९ नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) सांगतोय आणि बोर्डावर ऑसिलोस्कोप लावला की ६ दिसतायत. "सर, यातलं खरं कुठलं?" खानापूर, निपाणीकडून मराठी शाळेतून आलेली मुलं तर इंग्रजी रिपोर्टपुढे स्वतःचंच चुकलं असं धरून बसतात. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. चूक कोणाचीच नसते.

१९७८ साली मोनोलिथिक मेमरीज कंपनीने पॅल चिप (लॉजिकची समीकरणं आपण भरायची चिप) आणली, तेव्हा हा घोळ जवळजवळ नव्हताच. आतली रचना ठरलेली: आधी अँड गेट, मग ऑर गेट. समीकरण कुठलंही घाला, पिनपासून पिनपर्यंत जास्तीत जास्त उशीर तोच. पुढे पुढे तर तो नावातच छापलेला असे. २२व्ही१०-१५ या नावातले शेवटचे १५ म्हणजे १५ नॅनोसेकंद.

१९८५ मध्ये झायलिंक्स कंपनीची एक्ससी२०६४ ही एफपीजीए आली. ६४ लॉजिक ब्लॉक, आणि त्यांना जोडणारं तारांचं जाळंही वापरणाऱ्यानेच ठरवायचं. रॉस फ्रीमन यांची ही कल्पना. मोकळीक मोठी मिळाली, पण उशीर आता तारेच्या वाटेवर अवलंबून राहिला. ब्लॉक इकडचे तिकडे मांडले की आकडा बदलला. तो डेटाशीटमध्ये छापणं शक्यच नव्हतं, मांडणी झाल्यावर हिशेब करून काढावा लागणार होता.

त्या हिशेबाची रीत आधीपासून होती. प्रकल्पांच्या वेळापत्रकासाठी वापरली जाणारी पर्ट पद्धत आयबीएमच्या कर्कपॅट्रिक आणि क्लार्क यांनी १९६६ मध्ये लॉजिक सर्किटला लावली: प्रत्येक वाटेवरच्या उशिरांची बेरीज करा आणि सगळ्यात लांबची वाट शोधा. आजचा टायमिंग रिपोर्ट याच घराण्यातला.

खरी मेख आहे ती बेरीज कुठल्या आकड्यांची यात. आपण घेतलेल्या वेगश्रेणीतली सगळ्यात मंद चिप, कमीत कमी व्होल्टेज, आणि साध्या व्यापारी श्रेणीत चिपच्या आतलं तापमान ८५ अंशांपर्यंत, असं सगळं वाईटात वाईट धरून कंपनी ते आकडे देते. (नव्या, कमी व्होल्टेजच्या चिपा थंडीतही मंदावू शकतात, म्हणून दोन्ही टोकं तपासतात.) म्हणजे ९ हा अंदाज नाही, ती हमी आहे. उद्यमबागेतल्या ओतकामाचे पॅटर्न (साच्यासाठीचे नमुने) बनवणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. लोखंड थंड होताना आक्रसणार, म्हणून तो पॅटर्न मुळातच मोठा करतो. पावसाळी बेळगावात टेबलावर ६ दाखवणारी चिप अथणीच्या उन्हाळ्यात, साखर कारखान्याच्या बॉयलरशेजारी पॅनेलमध्ये बसली की तिला मधल्या ३ नॅनोसेकंदांची गरज लागू शकते.

मोजणीवरही डोळे मिटून विश्वास नको. प्रोबचं स्वतःचं कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) पिनेवर लादलं जातं आणि सिग्नल मंदावतो. दोन प्रोबच्या केबलींत २० सेंटिमीटरचा फरक असला तर सुमारे १ नॅनोसेकंद तिथेच जमा होतो. रिपोर्टमधला मार्ग आतल्या एका रजिस्टरपासून (बिट साठवणाऱ्या भागापासून) दुसऱ्यापर्यंतचा असेल आणि आपण पिनेवर मोजत असू, तर तुलनाच वेगळ्या दोन गोष्टींची होते.

मला जास्त काळजी वाटते ती उलट्या फरकाची: सिम्युलेशन स्वच्छ आणि बोर्ड मात्र अडकतो. एका क्लॉकवरचा (सर्किटला ताल देणाऱ्या सिग्नलवरचा) सिग्नल दुसऱ्या क्लॉकवर नेताना फ्लिपफ्लॉप, म्हणजे एक बिट धरून ठेवणारं सर्किट, ० आणि १ च्या अधेमधे लोंबकळू शकतो. चेनी आणि मोल्नार यांनी १९७३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. साध्या सिम्युलेशनमध्ये ते दिसत नाही, आणि दोन क्लॉकांचा परस्परसंबंध नसेल तर टायमिंग रिपोर्टही त्यावर काही हमी देऊ शकत नाही. माझा एक बोर्ड दोन दिवस सुरळीत चालला आणि तिसऱ्या दिवशी थांबला. त्या वाटेवर एकापाठोपाठ दोन फ्लिपफ्लॉप टाकले, म्हणजे पहिला लोंबकळला तरी स्थिरावायला त्याला वेळ मिळतो; तेव्हापासून तो अडकलेला नाही.